हळदीतला बार कोणी ऐकला

पनवेलमध्ये इतकी वर्षं बातमीदारी केल्यावर एक कळलं. जे छापून आलं ते मी विसरलो. जे छापता आलं नाही ते खाडीच्या चिखलासारखं पायाला चिकटून राहिलं. चार मित्र जमले की तेच निघतं. मंडळी हसतात, मीही हसतो. मग आठवतं की हे आपलंच गाव आहे, आणि यातल्या निम्म्या लोकांच्या वाढदिवसाच्या जाहिराती आपल्याच पेपरात येतात.

सध्या साचलेत ते आमच्याकडच्या बंदूकवाल्यांचे किस्से. परवानाधारकांचं एक मंडळ आहे. जमिनींना भाव आला, गाड्या आल्या, बंगले आले, मग कमरेला रिव्हॉल्व्हरही आलं. अध्यक्ष नानाशेठ, बिल्डर. आता या मंडळाला बंदुकीला सायलेन्सर हवाय. आपल्याकडे बंदुकीचा परवाना असला तरी सायलेन्सर बाळगता येत नाही. ही बंदी सैल करा, अशी त्यांची मागणी आहे.

*

परवाने कसे मिळतात ते आधी सांगतो. विमानतळाकडच्या एका गावातल्या माणसाने अर्ज केला : जिवाला धोका आहे. मुलाखतीत पोलीस साहेबांनी विचारलं, कोणापासून? म्हणाला, सख्ख्या भावापासून. जमिनीचा वाद आहे.

त्याच्यानंतर त्याचा भाऊ आत गेला. त्याच्याही जिवाला धोका होता, सख्ख्या भावापासून.

बाहेर आल्यावर मी दोघांना गाठलं. एकाच गाडीतून आले होते, एकाच गाडीतून परत निघाले होते. मी म्हटलं, अहो, धोका आहे ना? मोठा म्हणाला, "धोका हाय तो हाय. पण डिझेल काय फुकट मिलतं?"

*

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला बोलावतात. सगळ्यांना नाही, पोलिसांना जे गडबड करतील असं वाटतं त्यांनाच.

गेल्या खेपेला हरेशशेठला बोलावणं आलं नाही. हा नानाशेठचा उजवा हात. शेजाऱ्याला आलं, चुलत्याला आलं, याला नाही. दोन दिवस घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी रिव्हॉल्व्हर टॉवेलात गुंडाळून स्वतःच ठाण्यावर गेला आणि ड्युटीवरच्या हवालदारावर ओरडला, "माझी का नाय घेतली? मी गडबड करू शकत नाय काय?"

हवालदाराने निमूटपणे जमा करून घेतली. हरेशशेठने पावतीचा फोटो स्टेटसला ठेवला. खाली अभिनंदनाचा पाऊस. त्यात आमचे दोन पत्रकारही होते.

*

सायलेन्सरच्या मागणीची पहिली पत्रकार परिषद कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्याच्या बाजूच्या एका फार्महाऊसवर झाली. नानाशेठने कारण दिलं ते ऐकून मी पेन खाली ठेवलं. म्हणाले, गोळीच्या आवाजाने अभयारण्यातल्या पक्ष्यांना त्रास होतो.

मी विचारलं, "नानाशेठ, अभयारण्याशेजारी गोळ्या झाडतं कोण?"

नानाशेठ माझ्याकडे प्रेमाने बघत म्हणाले, "तुमी आधी जेवून घ्या."

आणि आमची पत्रकार पोरं जेवायला उठली! ताटात सुरमई, हातात शेठचं रिव्हॉल्व्हर, सेल्फी. दुसऱ्या दिवशी एका पेपरात मथळा आला : पक्ष्यांसाठी सरसावले बंदूकधारी. मी माझ्या संपादकाकडे माझा प्रश्न छापा म्हणून भांडलो. ते म्हणाले, प्रश्न छान आहे, पण नानाशेठची दिवाळी अंकाची जाहिरात पानभर आहे.

*

पक्ष्यांवर लोक हसले, तेव्हा मंडळ कानांवर आलं. कामोठ्यातल्या एका कानाच्या डॉक्टरांकडे शिष्टमंडळ गेलं. गोळीबाराने बहिरेपणा येतो असं लिहून द्या, म्हणाले. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, येतो की. म्हणूनच कानात घालायला बोळे मिळतात, खालच्या मेडिकलमध्येच आहेत.

शिष्टमंडळ एकमेकांकडे बघायला लागलं. शेवटी एकाने विचारलं, "डॉक्टर, बोळे घातलेले लोकांना दिसतात काय?"

"दिसतात थोडे."

"मग नको."

*

इथपर्यंत हसून झालं. आता पुढचं सांगताना मला हसू येत नाही.

तळोज्याकडच्या एका गावात हळद होती. आमच्या आगरी हळदीत गाव लोटतं, डीजे असतो, आणि हल्ली एखादा शेठ हवेत बार काढतो. गुन्हा आहे, तरी काढतात. त्या हळदीत नानाशेठचा मेहुणा दिन्या नाचत होता. हातात रिव्हॉल्व्हर, पोटात दारू. नळी खाली आली आणि गोळी गावातल्याच निकिताच्या गुडघ्यात शिरली.

निकिता पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज पहाटे तळोज्याच्या रस्त्यावर धावायची. आता भिंत धरून चालते.

पोलिसांनी जबाब घेतले. मांडव भरलेला होता, पण गोळी कोणी झाडली ते कोणाला ठाऊक नाही. बार ऐकलात का? डीजे चालू होता, काहीच ऐकू आलं नाही. ओळीने सगळ्यांचं हेच. दिन्याने आपली बंदूक हरवल्याची तक्रार दिली, तीही हळदीच्या आधीच हरवली म्हणून.

निकिताची आई सुगंधाबाई मासळी विकते. ती दारोदार फिरली. एकाने तरी ऐकलं म्हणा, एवढंच तिचं मागणं. लोक तिच्याकडून कोलंबी घ्यायचे, दोन रुपये जास्त द्यायचे आणि दार लावायचे. पोलीस म्हणाले, साक्षीदार नसेल तर तपास बंद करावा लागेल. मी बातमी लिहिली. ती आली, 'अज्ञात इसमाच्या गोळीने तरुणी जखमी' अशी, चार ओळींत. गावात शाळकरी पोरांनाही त्या अज्ञात इसमाचं नाव पाठ होतं.

*

गेल्या महिन्यात मंडळाने पनवेलच्या एका हॉलमध्ये सभा घेतली. एक बडे नेते मागणी वर पोचवणार होते. व्यासपीठावर नेते, नानाशेठ, आणि बंदोबस्ताला आलेले पोलीस ठाण्याचे इन्स्पेक्टर. यांनीच हळदीचे जबाब घेतले होते. पहिल्या रांगेत आम्ही पत्रकार. मागे दाराजवळ सुगंधाबाई उभी. नेत्यांना अर्ज द्यायला आली होती, पण तिला कोणी पुढे सोडत नव्हतं.

भाषणं रंगात आली. बंदुकीचा आवाज किती भयंकर असतो, हे प्रत्येक जण आधीच्यापेक्षा वरच्या पट्टीत सांगत होता. हरेशशेठची पाळी आली. नेते समोर, कॅमेरे चालू. त्याने माईक हातात घेतला.

"साहेब, लोक बोलतात यांना सायलेन्सर कशाला? माझा अनुभव सांगतो. आमच्या गावच्या हळदीत मी पुढंच उभा. आपल्या दिन्याने असा माझ्या उजव्या कानाशी बार काढला. डीजे फुल्ल, तरी साहेब, तो बार असा घुमला, असा घुमला, की आठवडाभर कानात शिट्टी वाजत व्हती!"

टाळ्या पडल्या. मग एकेक करून थांबल्या. नानाशेठने डोळे मिटले.

सुगंधाबाई दारातून चालत पुढे आली. तिला आता कोणी अडवलं नाही. व्यासपीठाखाली उभी राहून तिने इन्स्पेक्टरांकडे बघितलं.

"साहेब, आयकलाव ना?"

इन्स्पेक्टर सावकाश उठले. हरेशशेठकडे वळून म्हणाले, "दिन्याने काय केलं म्हणालात? परत सांगा."

हरेशशेठने नानाशेठकडे बघितलं. मग उजव्या कानामागे हात धरला आणि पुढे वाकला.

"जरा मोठ्याने बोला साहेब. या कानाने आयकू नाय येत."

हॉल हसला. पहिलं हसू आमच्या, पत्रकारांच्या रांगेतून आलं. सुगंधाबाई तिथेच उभी होती.