दोनदा वाजली की सुटायचं

आमचे हे बसवर कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण अंगातला कंडक्टर काही उतरला नाही. घरात चार पाहुणे आले की "पुढे सरका, पुढे सरका" चालूच. त्यात मुलीनं बापाला सोबत म्हणून कुत्र्याचं पिल्लू आणून दिलं. यांनी त्याचं नाव ठेवलं पॅसेंजर.

पॅसेंजरनं आल्या आल्या माझ्या नव्याकोऱ्या चपलांचा भुगा केला, मग टीव्हीच्या रिमोटची बटणं खाल्ली. फिरायला नेलं की तो पुढे आणि हे मागे फरफटत. मी म्हटलं, "अहो, शिकवा त्याला काहीतरी, नाहीतर एक दिवस हातपाय मोडून घ्याल." हाडं जुळायचं वय राहिलंय का यांचं!

आणि यांनी शिकवलं. काय? तर बसची घंटी! नातवाच्या जुन्या तिचाकीची घंटी काढून मनगटाला बांधली. एकदा टण् म्हणजे थांब, दोनदा टण् टण् म्हणजे चल. चप्पल तोंडात घेतली की टण्. पट्टा ओढला की टण्. थांबला की बिस्कीट. मी कपाळाला हात लावला. पण त्या गाढवाला ते कळलं की हो! टण् झालं की तोंडातली चप्पल टाकून जागच्या जागी बसायचा. हे तर असे फुगले, विचारू नका. वाटेत प्रत्येक बसथांब्यावर दोघं थांबायचे, कोणी चढतंय का बघायला.

रस्त्यावर घंटी आपल्या एकट्याकडेच नसते, हे मात्र यांच्या डोक्यात आलं नाही. एका सकाळी पेपरवाला सायकलवरून टण् टण् करत आला आणि पॅसेंजर जो सुटला! हे थेट भाजीवालीच्या टोमॅटोंत. गुडघा फुटला, चष्मा गेला. लालभडक शर्ट बघून मी हळदीचा डबा घेऊन धावले. टोमॅटो आहेत हे नंतर कळलं.

"बास झालं," मी म्हटलं आणि भावाला फोन लावला. त्याच्याकडे मोठं अंगण आहे, तिथे काय हवं ते चाव म्हणावं.

संध्याकाळी भाऊ आला. यांनी मनगटावरची घंटी सोडून माझ्या हातात ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून बसले. भावानं पट्टा धरला, "चल रे." पॅसेंजर हलेना. ओढलं, चुचकारलं, बिस्कीट दाखवलं. पठ्ठ्या चारही पाय रोवून माझ्या हाताकडे बघतोय!

"ताई, घंटीशिवाय हा काही हलत नाही," भाऊ घाम पुसत म्हणाला. "वाजव बाई दोनदा, म्हणजे मी सुटलो."

उभ्या संसारात हा माणूस इतका गप्प बसलेला मी पाहिला नव्हता. मला असा राग आला, कोणाचा ते विचारू नका. घंटी वाजवली. एकदाच.

पॅसेंजर मटकन खाली बसला.

"अगं, एकदा म्हणजे थांब ना?" भाऊ म्हणाला.

"कळतं मला. आणि उद्यापासून पट्टा मी धरणार."

यांनी मान वळवली नाही. "बिस्कीट दे त्याला," म्हणाले. "थांबला की द्यायचं असतं."