भिंतीवर न लागलेलं चित्र

यांच्या बँकेच्या बदल्यांच्या काळात आमच्या घरी एक कायदा होता, आणि तो मीच केलेला: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. तीन-चार वर्षांनी घर सोडताना भोकांत टूथपेस्ट भरत बसायचं कुणी? मीच ना! कॅलेंडरसुद्धा आमच्याकडे खिडकीच्या गजाला लटकायचं.

पहिल्याच बदलीत यांनी एका चित्राची छापील प्रत फ्रेम करून आणली. शंभरेक वर्षांपूर्वीच्या कुणा युरोपातल्या चित्रकाराचं चित्र. रात्रीचं शहर, कललेल्या इमारती, दिवे म्हणजे नुसते पिवळे फटकारे आणि मधोमध एक पाठमोरा माणूस. मी म्हटलं, "आधी त्याला तोंड इकडे करायला सांगा, मग लावू." हे हसले. चित्र कपाटाच्या बाजूला जमिनीवर टेकून राहिलं. प्रत्येक नव्या घरी हे एकदा विचारायचे, "इथे लावू या का?" आणि मी म्हणायचे, "पुढच्या घरी बघू." अशी सहा शहरं झाली.

सातवं कोलकाता. तिथल्या बेहाला भागातल्या या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मात्र यांनी विचारलंच नाही. निवृत्तीला चार महिने उरले होते, तेव्हा हे गेले.

पुण्याहून लेक म्हणाली, आता इकडेच ये. सामानाचा ट्रकही तिनेच ठरवला. आठ दिवस राहिले होते. सकाळी चित्र बांधायला जुनी चादर काढली, पण हात चालेना. खालच्या मजल्यावरच्या, मला बौदी म्हणजे वहिनी म्हणणाऱ्या बंगाली दादांकडे हातोडी मागितली, तर ते स्वतःच वर आले आणि बांधलेली खोकी बघून थबकले.

"बौदी, आप तो जा रहे हैं ना? अब काहे को?"

"ठोकिए," मी म्हटलं.

दोन ठोक्यांत काम झालं. पंचवीस वर्षं टाळलेलं काम. माझा मलाच संताप आला.

दादा खाली गेल्यावर मी यांच्या खुर्चीत बसले. आजवर मी ते चित्र केर काढताना वरूनच बघितलं होतं. मला वाटायचं, माणूस कुठेतरी निघालाय. आता समोरून बघितलं, तर तो नुसता उभा होता. एवढ्या उजेडाच्या खिडक्या, आणि त्यातली एकही त्याची नाही. हे मला इतकी वर्षं काय विचारत होते, ते तेव्हा कळलं. मी खूप रडले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. बाबांचं चित्र घेऊन येतेय, म्हणून तिला सांगितलं.

"आण की. पण आई, भिंतींना आत्ताच रंग दिलाय हं, खिळा नको. ठेवू कुठेतरी टेकवून. पुढे बघू."

माझंच वाक्य, माझ्याच सुरात. मी "बरं" म्हटलं आणि दिवा लावून पुन्हा समोर येऊन बसले. अजून आठ दिवस तो पाठमोरा माणूस भिंतीवर होता.