थंडी खालून येते

आमच्या दुकानात तंबू, स्लीपिंग बॅगा, स्टोव्ह, कंदील असं सगळं भाड्यानं मिळतं. घरात मऊ गादी असताना डोंगरावर जाऊन जमिनीवर झोपायची हौस असलेली माणसं येतात आणि ऐपतीप्रमाणे गारठा विकत घेऊन जातात. मी मागच्या खोलीत फाटके तंबू शिवतो. शेजारच्या मशीनवर रजईताई बसते. आधी ती रजयांच्या कारखान्यात होती, म्हणून मालकानं हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

बॅगा दुरुस्त करणं हे तिचं काम. पण गिऱ्हाइकाला चार गोष्टी समजावून सांगायचं कामही तिच्याकडेच आलं, कारण तिचा नवरा वाटाड्या होता. तो घरी सांगायचा आणि ती काउंटरवर पाढ्यासारखं म्हणायची. झोपण्याआधी पोटभर खा. लघवी तुंबवून झोपू नका. दिवसभराचे मोजे काढा, कोरडे घाला. डोक्याला टोपी हवी, पण तोंड बॅगेबाहेर ठेवा, नाहीतर श्वासानंच बॅग ओली होईल. गरम पाण्याची बाटली मांड्यांमध्ये धरा. आणि थंडी वरून पडत नाही, खालून येते. अंगाखाली मॅट नसेल तर कितीही भारी बॅग घ्या, रात्रभर जमिनीलाच ऊब देत बसाल. स्वतः ताई एकही रात्र घराबाहेर उघड्यावर झोपलेली नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं मी चिडवायचो. ती म्हणायची, आमच्या घरात एक जण गारठतो तेवढं पुरे.

नवऱ्याची बॅग मात्र तिनं स्वतः घरी शिवली होती. दुकानातल्या बॅगा त्याला खांद्यात आवळायच्या. तिनं पिसं मिळवली, भरली आणि रजईला घालतात तसे आडवे टाके घातले, दोन्ही कापडांतून आरपार. रजईत तसं करावंच लागतं, नाहीतर कापूस एका कोपऱ्यात जाऊन बसतो. शिलाई इतकी सरळ होती की माझा जळफळाट झाला.

गेल्या हिवाळ्यात तो एका गिऱ्हाइकाला घेऊन वर गेला आणि वादळात अडकला. दोघांचे तंबू वेगळे होते. सकाळी गिऱ्हाईक उठलं, वाटाड्या उठला नाही. झोपेतच गेला, एवढंच डॉक्टरांना सांगता आलं.

ते गिऱ्हाईक म्हणजे एक शाळामास्तर. पुढे ते ताईच्या घरी भेटायला आले आणि रडले. तुमच्या यजमानांनी माझी फार काळजी घेतली, म्हणाले. मी कुडकुडत होतो तर खाली दुहेरी अंथरून दिलं, बाटली भरून दिली, मला पुढे गारठा म्हणून जाणवला नाही. मीही तिथे बसलो होतो. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मास्तर गेल्यावर ताईच्या दिरानं मनातलं बोलून दाखवलं. "दुकानातली बॅग सोडून घरची शिलाई नेली. त्या बॅगेनंच घात केला."

ताई मास्तरांचा कप उचलून आत गेली. थोड्या दिवसांनी कामावर आली. आमच्याकडच्या बॅगा स्वस्तातल्या, पिसांच्या नव्हेत. पण त्या आठवड्यात एक महागडी पिसांची बॅग दुरुस्तीला आली आणि तिचं अस्तर उसवताना ताईचा हात थांबला. आत पातळ कापडाच्या छोट्या छोट्या भिंती होत्या. वरचं कापड खालच्याला थेट कुठेच शिवलेलं नव्हतं. आरपार टाका घातला की त्या रेषेवर पिसं उरत नाहीत, नुसती दोन कापडं उरतात, आणि थंडीला तेवढं पुरतं. तिनं ते मला बोटानं दाखवलं आणि पुन्हा मशीन सुरू केली.

त्या दिवसापासून ती बधिर झाली. रडणारं माणूस परवडलं, त्याला पाणी तरी देता येतं. हिचा चहा साय धरून पडून राहायचा. सुई बोटात घुसायची आणि कापडावर डाग पडेपर्यंत हिला पत्ता नसायचा. काउंटरवरचा पाढा चालू होता, पण स्टेशनावरच्या भोंग्यातून येतो तसा आवाज. मी एकदोन विनोद करून पाहिले आणि माझाच मला राग आला.

यंदा थंडी पडल्यावर ती म्हणाली, "भाऊ, मला एक रात्र बाहेर झोपायचंय. ह्यांच्या बॅगेत."

मी तिला वेड्यात काढलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या शिलाईनं माणूस मरतो का, तेवढं मला कळू दे."

एकटीला सोडायची सोय नव्हती, म्हणून मी बायकोला गळ घातली. लग्नानंतर कधी बागेत नेलं नाही आणि आता थेट बर्फात नेताय, असं ती म्हणाली, पण ताईसाठी स्वेटरवर स्वेटर चढवून निघाली. खिंडीखालच्या माळावर आम्ही तंबू लावले. नवऱ्याचं परत आलेलं सामान ताईनं गोणीसकट आणलं होतं. त्यातून बॅग निघाली, बाटली निघाली, टोपी निघाली. मॅट निघाली नाही. मी दुकानातली एक काढून दिली आणि स्टोव्हकडे वळलो.

त्या दोघी एका तंबूत झोपल्या, मी दुसऱ्यात. मध्यरात्र उलटल्यावर ताईचे दात वाजायला लागले, असं बायकोनं नंतर सांगितलं. थंडीच आहे, वाजणारच, म्हणून ती पडून राहिली. मग दात वाजायचे थांबले आणि तिला भीती वाटली. तिनं चाचपून पाहिलं तर मॅट गुंडाळून बाजूला ठेवलेली होती आणि ताई नुसत्या जमिनीवर पडली होती.

हाक ऐकून मी धावलो. ताईला मॅटवर घेतलं. बायको ताईच्याच बॅगेत कशीबशी शिरून तिला बिलगली. मी पाणी तापवलं, बाटल्या भरल्या, थोडी सावध झाल्यावर साखरेचं गरम पाणी चमच्यानं पाजलं. बराच वेळ ती आमच्याकडे अनोळखी माणसासारखी बघत होती. ओळख पटल्यावर बायकोनं तिला जे झापलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उजाडताना ताई बोलली. "मॅटवर होते तोवर टाक्यांपाशी गार रेघा लागत होत्या. पण झोप येत होती. मग मॅट काढली." पुढे म्हणाली, "ह्यांच्या सामानात मॅट नव्हती, भाऊ. मास्तरांच्या खाली दोन होत्या."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मास्तरांनी आमच्या तोंडावर सांगितलं होतं आणि आम्ही माना हलवल्या होत्या. सगळ्यांनी त्या बॅगेला नावं ठेवली, मॅट कुठे गेली हे कुणी विचारलं नाही. मास्तरांना तरी काय दोष द्यायचा? वाटाड्याजवळ जास्तीचं सामान असणारच, असं त्यांना वाटलं असेल.

मला वाटलं, बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. तसं म्हणालोही, की तुमच्या शिलाईनं काही झालं नाही, ताई.

"शिलाईनं झालं असं वाटत होतं तेच बरं होतं," ती म्हणाली. "निदान स्वतःशी भांडता येत होतं. आता ह्यांच्याशी कसं भांडू?"

डोळे कोरडेच होते. आम्ही तंबू गुंडाळले आणि खाली आलो.

दुकान उघडलं त्या दिवशी कॉलेजची पोरं सामान न्यायला आली. ताई काउंटरवर उभी राहिली आणि पाढा सुरू झाला, पोटभर खा, कोरडे मोजे घाला, तोंड बाहेर ठेवा. मी आतून ऐकत होतो. मॅटपाशी येऊन ती अडली.

"आणि आपली मॅट दुसऱ्याला देऊ नका. समोरचा कुडकुडत असला तरी."

त्यातला एक हसला. म्हणाला, एवढ्या थंडीत स्वतःची मॅट कोण देतं, मावशी?

"देतात," ती म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की मालकानं मान वर केली. "देतात. घरी कोणी आहे, हे त्या वेळी आठवत नाही त्यांना."

आणि मग काउंटरवर डोकं टेकून ती रडायला लागली. पोरं मॅटा हातात धरून तशीच उभी राहिली. मी पाणी आणायला उठलो.