कोरी चौकट आणि आंबेमोहोर

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीनं विचारलं, "आजी, तुझ्या लायब्ररीच्या सूचनांमध्ये 'आलेख हवा असेल तरच' असं का लिहिलंय? सगळं एकदमच का नाही इन्स्टॉल करायचं?" ती आता शाळेत पायथन ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा शिकते आहे, म्हणून तिला हा प्रश्न पडला. मी दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण ते अपुरं होतं. नवी आवृत्ती कालच बाहेर काढली, आज सवड आहे, म्हणून नीट लिहिते.

भोरच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ही लहानशी लायब्ररी, म्हणजे कुणालाही आपल्या कम्प्युटरवर बसवून वापरता येईल असा प्रोग्रामचा संच, लिहायला घेतली. पासली गावात बायकांचा बियाण्यांचा गट आहे. पेरणीआधी त्या प्रत्येक घरचं थोडं भात ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि किती दाण्यांना मोड आले ते मोजतात. ते आकडे दिले की लायब्ररी सांगते, हे बी पेरायला योग्य आहे की नाही. एवढ्या कामाला नुसतं पायथन पुरतं. रंगीत आलेख काढायला मात्र दुसऱ्यांनी लिहिलेली एक मोठी लायब्ररी लागते. माझ्या भोरच्या कम्प्युटरवर ती होती. पासलीतल्या जुन्या लॅपटॉपवर, तिथल्या नेटवर, ती काही उतरेना.

या कामात माझी जोडीदार म्हणजे पासलीची एक सून, माझी जुनी विद्यार्थिनी. सुरुवातीला आलेखाची लायब्ररी आम्ही फाइलच्या पहिल्याच ओळीत इंपोर्ट केली होती, म्हणजे प्रोग्राम सुरू होताच ती शोधली जायची. त्यामुळे पासलीत सगळंच अडायचं, आलेख नको असला तरी. तिनं एका दुपारी बसून ते दुरुस्त केलं. प्रोग्राम चालू लागला आणि आम्ही दोघी खूश.

मे महिन्याच्या शेवटी मी एसटीनं पासलीला गेले. तिच्या सासूबाईंच्या ओट्यावर दोन पोती तोंड शिवून ठेवलेली होती आणि त्या टेम्पोची वाट बघत होत्या.

"मावशी, हे कुठं निघालं?"

"गिरणीला. आंबेमोहोर हाय. तुमच्या कम्प्युटरनं नापास केलाय."

"नापास? कोण म्हणालं?"

"तुमीच बगा की. भिताडावर लावलंय सूनबाईनं. सगळ्यांच्या नावापुढं रंगीत दांडं, आन् माज्याच भातापुढं कोरं. मोड सूनबाईनं मोजलं, म्या न्हाई बगितलं; पर एक दाना उगवला न्हाई जनू. माज्या सासूपासनंचं बी हाय, पर खराब बी लोकांला कसं देऊ? भरडून खाऊ आता."

जुना आंबेमोहोर गावात आणखी कुणाकडे उरला नव्हता. बाकीच्यांनी केव्हाच दुसरं बी धरलं होतं. पोती गिरणीत गेली की त्याचा तांदूळ होणार, आणि पेरायला काही राहणार नाही.

"टेम्पो आला तर थांबवून ठेवा, मावशी."

"त्यो थांबतोय व्हय कुनासाठी? तुमी शाळंच्या बाई हायसा, तुमीच दटावा त्याला."

सून माहेरी हिर्डोशीला गेली होती. मी फोन लावला. आवाज मध्येच तुटत होता.

"मॅडम, बाकीचे आलेख तुमच्याकडून आलेले. आमच्या भाताचा तेवढा पासलीतच काढला. एसटी गाठायची होती, कागद चिकटवला आणि निघाले. लायब्ररी सापडली नाही तर तिथं 'पास' लिहिलंय मी."

पायथनमध्ये 'पास' म्हणजे काही न करता पुढे जा; म्हणून नाव आणि चौकट छापली गेली, आत आलेख नाही. "म्हणजे गप्प बसायचं?" मी विचारलं.

"मग काय बोंब मारायची? पाव्हण्याच्या तोंडावर 'घरात न्हाई' म्हणतं का कुणी?"

मला हसू आलं. इकडे खरंच तसं आहे. घरात दूध नसलं तर पाहुण्याला तसं सांगत नाहीत. 'टाकते हां चहा' म्हणून आत जायचं आणि गुळाचा कोरा चहा घेऊन यायचं. पाहुणा काय ते ओळखतो. कोरी चौकट पाहून मावशींनी मात्र भलतंच ओळखलं होतं.

मी तिथला जुना लॅपटॉप उघडला. सुनेनं भरलेल्या आकड्यांत मावशींच्या बहुतेक सगळ्या दाण्यांना मोड आलेले होते. आलेख न मागता नुसता निकाल मागितला, तर पडद्यावर आलं: पेरण्यास योग्य. मी ते वाचून दाखवलं.

"मंग मगाशी का दातखीळ बसली हुती त्याची?" मावशी म्हणाल्या. टेम्पोवाल्याला त्यांनी चहा पाजला आणि रिकामाच लावून दिला.

सून परतल्यावर आम्ही इंपोर्ट आलेखाच्या फंक्शनच्या आत नेला. आता आलेख मागेपर्यंत ती मोठी लायब्ररी लागतच नाही. मागितला आणि ती नसली, तर प्रोग्राम सरळ सांगतो की आलेखाची लायब्ररी इथे बसवलेली नाही, ती अशी बसवा, आणि बियाण्याचा निकाल हा. दुसरी काही चूक झाली तर तीही झाकून ठेवत नाही. इन्स्टॉल करताना आलेखाचा भाग वेगळा मागावा लागतो, तो यासाठीच.

"लई तोंडावर बोलतंय हे आता," सून म्हणाली.

"बोलू दे," मी म्हटलं.

नवी आवृत्ती काढण्याआधी मी कम्प्युटरवर नुसतं पायथन असलेली एक रिकामी जागा करते आणि तिथे सगळं चालवून पाहते. कालही पाहिलं.

पासलीत आलेखाची लायब्ररी अजून उतरलेली नाही. जुना आंबेमोहोर मात्र आहे. यंदा तो मावशींच्या शेतात आहे, आणि शेजारच्या दोन घरांनीही पेरला आहे.