पदवीला घातलेला हार

वेबसाइट होस्टिंगचा माझा छोटा धंदा विकत घ्यायला आलेला तरुण इंजिनिअर किमतीचं बोलण्याआधी भिंतीकडेच बघत राहिला. तिथं माझी बी.ए.ची पदवी टांगलेली, तिच्यावर दसऱ्याचा सुकलेला झेंडूचा हार.

“इतिहास? मग सर्व्हर कुठं शिकलात?”

“गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन.”

तो हसला. “तीच गिऱ्हाइकं अजून टिकलीत, म्हणून तर घेतोय.” आणि मी सांगितलेली किंमत त्यानं कबूल केली.

म्हणजे पैसे अनुभवाचे मिळाले, खरंय. पण आमच्या घरातली ही पहिली पदवी. आई दसऱ्याला विळ्या-कोयत्याबरोबर तिचीही पूजा करते आणि म्हणते, “शिकलेल्याला काय अवघड?” तिच्या तेवढ्या बोलावर मी न येणाऱ्या कामाला हात घातला होता.

“सामान सगळं इथंच राहील ना?” त्यानं विचारलं.

“राहील की,” म्हणत मी पदवी तेवढी हारासकट उतरवून घेतली.