फ्रिजमध्ये ठेवलेली फुलं

मुलीचं पार्सल आलं तेव्हा मला वाटलं, सुकामेवा असेल. उघडून बघते तर कागदी पिशवीत जाळीदार सालीचे बारके कंद, थेट एका पाकळीच्या लसणीसारखे. डोंगराकडच्या कुठल्याशा नर्सरीतून तिने इंटरनेटवरून माझ्यासाठी मागवलेले. फोन करून म्हणाली, "आई, हे बुटके आयरिस. वीतभरसुद्धा वाढत नाहीत, पण निळं फूल असं येतं की बघत राहशील."

ती परदेशात राहते, तिथे बर्फ पडतं. तिने आपल्या बाल्कनीत हेच कंद लावले होते. "तू पण लाव. बघूया कोणाचं आधी फुलतं," म्हणाली.

मी तिला वेड्यात काढलं. मुरुडच्या नारळ-सुपारीच्या वाडीत थंडीतलं फूल? आमच्याकडे थंडी पडते म्हणजे पहाटे पंखा एक घर खाली येतो, बस. पण मास्तरीण मी असले तरी शिकवणी तिनेच घेतली. या कंदांना आधी तीन-चार महिने गारठा लागतो, तो नसला तर फूल धरत नाही. तेव्हा फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवायचे, फळांच्या जवळ नाही, आणि रोज उघडून बघायचं नाही. मग कुंडीत लावायचे.

मी हो म्हटलं ते फुलासाठी नाही, हे सरळच सांगते. हे गेल्यापासून आमचे रविवारचे फोन सुकत चालले होते. जेवलीस का, जेवले. गोळ्या घेतेस ना, घेते. तिकडे थंडी आहे का, आहे. मग दोघी गप्प. ठेवू का म्हणून आधी कोणी विचारायचं एवढंच उरायचं. कंद आल्यावर मात्र ती अर्धा-अर्धा तास बोलायला लागली. माती कुठली घेणार, वाळू किती घालणार. मी किनाऱ्यावरची वाळू आणून मीठ जाईपर्यंत विहिरीच्या पाण्याने धूत बसले होते, ते ऐकून ती इतकी हसली की मीही हसले. मला ते फूल हवं होतं, कारण त्याच्याशिवाय आम्हाला बोलायला दुसरं काही नव्हतं.

आमच्या घराण्याचा देव माझ्या घरात, त्यामुळे नवरात्रात घट माझ्याकडे बसतात. शेजारच्या घरातून माझ्या थोरल्या जाऊबाई आदल्या दिवशीच येतात आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतात. कांदा-लसूण त्या नऊ दिवसांत घरात दिसलेली त्यांना खपत नाही. सगळी टोपलीत भरून त्या मागच्या पडवीत नेऊन ठेवतात. त्या दिवशी मी पेन्शनच्या कामाला बँकेत गेले होते. परत आले तेव्हा ओटा लखलखीत, फ्रिज आतून-बाहेरून पुसलेला. मला बरंच वाटलं. आणि मुलीने बजावलं होतं म्हणून कंदांचा कप्पा काही मी उघडला नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी जाऊबाई टोपली घेऊन आत आल्या. "घे गो तुझी लसूण. फ्रिजमधली पण बाहेर काढलेली मी. उन्हात छान वाळल्येय बघ."

टोपलीत कांद्यांच्या खाली ती कागदी पिशवी होती. खुर्चीत बसले आणि रडायला लागले.

"अगो, लसणीसाठी रडतेस?" त्या घाबरल्या. "मी देत्ये की माझ्याकडची. हवी तेवढी देत्ये!"

"लसूण नाही ती, वहिनी. फुलांचे कंद आहेत."

"फुलांचे? नि फ्रिजमध्ये?" त्यांनी एक कंद उचलून नाकाशी नेला. वास नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्यावर चिडावं असं वाटलं, पण चिडणार कशावर? मी तरी पिशवीवर काही लिहून कुठे ठेवलं होतं? आणि आठवड्यातून दोनदा माझ्या दारात येणारं दुसरं माणूसही नव्हतं.

बरेचसे कंद सुकून पोचट झाले होते. जे घट्ट लागले ते परत फ्रिजमध्ये गेले. मुलगी म्हणाली, गारठा पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. तशी आमची थंडी पुढे सरकली आणि तिचं कामही वाढलं. नवीन जबाबदारी आली होती, एका रविवारी फोन यायचा, एका रविवारी नुसता मेसेज. मी कुंडी भरली, कंद लावले आणि विहिरीजवळ दगडी दोणीच्या मागे सावलीत ठेवली. वाडीत सर्वांत गार जागा तीच. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी तिकडे जायचं, अशी खोडच लागली.

एकाच कंदाला कोंब आला. तोपर्यंत फेब्रुवारी सरत आला होता आणि दुपारी अंगण तापायला लागलं होतं. जाऊबाई सुनेच्या बाळंतपणाला पनवेलला गेल्या होत्या. शेजारच्या दाराला कुलूप होतं.

आणि एका सकाळी ते उमललं. गवतासारख्या दोन पात्यांच्या मधून, मातीला जवळजवळ टेकून, गडद निळं. पाकळीवर हळदीचं बोट लावल्यासारखी पिवळी रेघ. मी खाली फरशीवर बसले तेव्हा कुठे नीट दिसलं, एवढुसं होतं. खरंच बघत राहिले. मग मुलीला फोन लावायला गेले आणि आठवलं, तिथे आता रात्र. झोपली असेल. उठवायचं कसं? उद्या तिला ऑफिस आहे.

पण ते फूल एकटीने बघवेना. सांगायला लाज वाटते, पण मी कुंडी उचलली आणि फाटकाशी जाऊन उभी राहिले. आगरदांड्याची एसटी धूळ उडवत गेली. मग मुंबईच्या नंबरची एक गाडी थांबली, काच खाली झाली. मी कुंडी थोडी वर धरली.

"आंटी, इधर होमस्टे किधर मिलेगा?"

मी पुढचं वळण दाखवलं. गाडी गेली. मी कुंडी पुन्हा दोणीमागे नेऊन ठेवली, भोवती पाणी शिंपडलं, वर सुपारीचं झाप आडवं धरलं. कलत्या उन्हापर्यंत, तिच्याकडे उजाडेपर्यंत तरी टिकावं म्हणून फार धडपड केली. जेवण झाल्यावर बघितलं तर पाकळ्या आत मिटून चिकटल्या होत्या.

संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. हातात कॉफीचा मग, केस ओले, घाईत. मी कॅमेरा कुंडीवर धरला.

"अय्या, कोमेजलं की गं."

"दुपारी. ऊन फार होतं."

"मला उठवायचंस ना!" मग म्हणाली, "पण तू बघितलंस ना पूर्ण उमललेलं?"

"बघितलं."

"अजून कोणी बघितलं?"

गाडीवाल्यांचं नाव घ्यावं असं एकदा मनात आलं. "कोणी नाही गं," मी म्हटलं. "इथे कोणीच नव्हतं."

तिने कॉफीचा मग खाली ठेवला. मग आवाजात उसना उत्साह आणत म्हणाली, "जाऊ दे आई. आता उन्हाळ्यासाठी आपण दुसरं काहीतरी लावूया. काय मागवू?"

"काही मागवू नकोस," मी म्हटलं. "तू ये."

एवढ्या वर्षांत मी तिला हे कधी म्हटलं नव्हतं. तिला सुट्टी नसते, तिकीट महाग असतं, सगळं मला माहीत होतं. तिने डोळे पुसले, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि "बघते" म्हणाली. तिला उशीर होत होता, तरी फोन ठेवायचं दोघींपैकी कोणीच म्हणालं नाही.