जेबानं चार ओळी फेकल्या तेव्हा

पार्वताबाई आणि रऊफ पिंजारी यांचं भांडण जेबानं ऐकलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि बापाच्या दुकानात गाद्यांच्या ढिगामागं लपून बोरं खात होती.

"गादी माही, अन् त्यातलं तुमी काढून घेता, रऊफभाऊ?"

"बाई, काटा पाहा. आणली तवा सात किलो, नेता तवा सात किलो. तोल बरोबर हाय."

"तोलाले काय चाटू मी? कोपऱ्यात माह्या सासूची पुरचुंडी होती. देशी कपाशीची सरकी होती तिच्यात. ते कुठी गेली?"

रऊफभाऊंचं तोंड एवढंसं झालं. पिंजाऱ्याच्या हाताला सरकी लागली की ती कचऱ्यात जाते, त्याला काय विचारायचं? पण दर साली दुकानातून बियाण्याची पाकिटं आणून पेरायचे ते दिवस, त्यात हे घरचं बियाणं बाईनं जीवापाड जपलं होतं. दुसऱ्या दिवशी रऊफभाऊंनी दुकान बंद ठेवलं आणि सगळा कचरा सुपानं पाखडला. अकरा बिया निघाल्या. पार्वताबाईनं त्या पदराला बांधल्या, चहा घेतला, आणि उठताना म्हणाली, "आता उसवाच्या पहिले विचारत जा, आत काय हाय म्हणून."

तेव्हापासून ते विचारत. जेबा मात्र मोठी झाली आणि विसरली. मोठी होणं म्हणजे बहुतेक तेच असतं.

पुढं शेतीचे दिवस वाईट आले. लग्नात नव्या गाद्या भरणं लोकांनी सोडलं. जुनीच आणून म्हणत, पिंजून द्या. खोळ तीच, कापूस तोच, फक्त आतल्या गाठी मोकळ्या करायच्या. रऊफभाऊंचा त्यात हात बसलेला होता. त्या हातानंच त्यांनी पोरीला बडनेऱ्याच्या कॉलेजात इंजिनियर केलं, आणि ती अमरावतीतच राजकमल चौकाजवळ, दुसऱ्या मजल्यावरच्या एका लहानशा कंपनीत लागली. सहा महिन्यांच्या बोलीवर.

"काय करतं तुमचं ते हापिस?" आई नईमानं एकदा कणीक मळताना विचारलं.

"अम्मी, समज एकच वही दहा जणं आपापल्या घरी घेऊन गेले. ज्यानं त्यानं आपलं आपलं लिहिलं. मग सगळ्यांचं मिळून पुन्हा एक वही करायची."

"मंग तं भांडणं होतीन."

"होतात ना. एकाच ओळीत दोघांनी वेगवेगळं लिहिलं की भांडण. मूळची ओळ कशी होती, यानं काय बदललं, त्यानं काय बदललं, हे पाहून जो सगळं जुळवतो, त्याला मर्ज म्हणतात."

"म्हंजे तुह्या मोठ्या फुफीचं काम," नईमा नणंदेला आठवून म्हणाली. "फक्त ते जुळवत नाही, वाढवते."

या मर्जचा कोड वर्षानुवर्षं पाच जणांच्या हाताखालून गेला होता. ज्याला अडलं त्यानं एक ठिगळ लावलं. अकराशे ओळींचा एकच गठ्ठा. तोच भांडण ऐकायचा, तोच निकाल द्यायचा आणि निकाल पुरा व्हायच्या आत कागदावर लिहूनही मोकळा व्हायचा. शेजारच्या टेबलावरचा गोपाल म्हणायचा, "त्या खोलीत मी पाय ठेवत नाही. एकदा गेलो होतो, दोन दिवस जेवण गेलं नाही."

बोली संपायला तीन हप्ते राहिले तेव्हा तिच्या वरिष्ठ रागिणी मॅडमनी जेबाला बोलावलं. मॅडम नांदगाव खंडेश्वरच्या, बोलणं सरळ दगडासारखं. "हा मर्ज साफ कर. बाहेरून होता तसाच चालला पाहिजे, आतून माणसाला वाचता आला पाहिजे. जमलं तर तू कायम. नाही जमलं तर तुझ्यासाठी मला वर काही बोलता येणार नाही."

नाही जमलं तर अकोला ठरलेलं होतं. तिथं आईच्या बहिणीनं, शाहीन खालानं, एका शाळेत पोरांना कम्प्युटर शिकवायची जागा बघून ठेवली होती, आणि रोज रात्री फोन करून ती जागा अजून गरम असल्याचं सांगत होती. जागा वाईट नव्हती. पण जेबाला पोरांना माउस कसा धरावा हे शिकवायचं नव्हतं. तिला ती अकराशे ओळींची खोली झाडायची होती.

तिनं पहिल्यानं कोडला हातच लावला नाही. दोनशे चौदा लुटुपुटूची भांडणं लिहून काढली आणि जुना कोड प्रत्येकाचा काय निकाल देतो ते टिपून ठेवलं. नवा कोडही तेच निकाल देईल तर खरा.

"म्हंजे गादी तोलून घेतली," रात्री घरी हे ऐकून रऊफभाऊ म्हणाले.

"हां अब्बा, तेच."

मग उसवायला बसली. निकाल देणं वेगळं केलं, लिहिणं वेगळं केलं. आता मर्ज आधी सगळी भांडणं मनात मिटवायचा आणि सगळं ठरल्यावरच कागदाला हात लावायचा. त्या उसवाउसवीत तिला एका कोपऱ्यात चार ओळी सापडल्या. काम सुरू होताना त्या एक लहानशी फाईल बनवत, काम संपलं की तीच फाईल पुसून टाकत. ना घेणं ना देणं. ही फाईल कोणी वाचतंय असंही तिला दिसलं नाही. तिनं त्या चार ओळी फेकून दिल्या. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा भांडणांचा निकाल बरोबर आला, आणि गोपालनं आपल्या खर्चानं सगळ्यांना कचोरी खिलवली.

नवा मर्ज वापरून पाहायला धारणीला पाठवला. तिथं एक संस्था कोरकू शब्दांचा कोश करत होती. गावोगावचे मास्तर शब्द लिहून पाठवत आणि इमरान नावाचा माणूस ते एकत्र करी. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"जेबाताई, 'भ'पर्यंत शब्द नवे आले, 'म'पासून जुनेच आहेत. मधातच विजेची लाईन गेली होती."

"पहिले लाईन जायची तेव्हा काय व्हायचं?"

"पहिले बी जायचीच की. पण आली की मशीन विचारायचं, मघाचं काम अर्धवट राहिलं, पुन्हा करू का? आता बिचारं काहीच बोलून नाही राहिलं."

जेबानं फोन ठेवला. त्या चार ओळी कशासाठी होत्या ते तिला उभ्याउभ्या कळलं. ती लहान फाईल मागं उरलेली दिसली की कामाच्या मधातच लाईन गेली, हे ओळखायचं. ते पाहणारा कोडचा तुकडा भलत्याच कोपऱ्यात पडून होता.

घरी येऊन तिनं बापाला सगळं सांगितलं. रऊफभाऊ दाभणात दोरा ओवत होते.

"उसवाच्या पहिले विचारलं होतं कोणाले?"

"तोल बरोबर होता, अब्बा."

"पार्वताबाईचाबी होता," ते म्हणाले, आणि टाका घातला.

कोणी काय कधी लिहिलं याची नोंद तर कंपनीचा तो वह्या जुळवणारा प्रोग्राम ठेवतोच. सकाळी जेबानं ती उघडली. चार ओळी सहा वर्षांपूर्वीच्या, लिहिणाऱ्या खुद्द रागिणी मॅडम, आणि कारणाच्या जागी एकच शब्द: 'दुरुस्ती'.

"मॅडम, या ओळी तुमच्या?"

मॅडमनी वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! दिवाळीत नांदगावले होती मी. एका दुपारी तीनदा लाईन गेली, तेव्हा चिडून लिहिल्या होत्या. मीच विसरली." मग पुन्हा दगड झाल्या. "मी लिहून ठेवलं नाही ही माझी चूक, तू विचारलं नाही ही तुझी. शनिवारी तुझी बोली संपते, तो शनिवार तोच राहील."

हाती दोन दिवस होते. जेबानं चार ओळी जागेवर लावल्या. पण लाईन जाण्याची परीक्षा दोनशे चौदात कुठंच नव्हती, ती करायला लाईनच घालवायला हवी. तिनं ऑफिसातला जुना, बिनबॅटरीचा कम्प्युटर ऑटोत घालून घरी आणला आणि रऊफभाऊंना मेन स्विचपाशी उभं केलं.

"अब्बा, बंद!"

खट.

"चालू!"

खट.

"जेबा!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "माही चटणी मिक्सरमधी अर्धी राह्यली!"

"तिलेबी विचारा," रऊफभाऊ म्हणाले, "मघाचं काम पुन्हा करू का म्हणून."

सतराव्या वेळी चुकलं. 'म'पासून पुन्हा जुनेच शब्द. जेबानं दीड तास डोकं खाजवलं, एक ओळ खालची वर केली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी धरली. तोवर शेजारची वच्छला चौकशीला आली होती, की रऊफभाऊ सकाळपासून दिवे काहून लावून अन् विझवून राहिले. खुलासा ऐकल्यावर ती घरी गेलीच नाही, पाट घेऊन मोजायला बसली. एकतिसाव्या वेळी रऊफभाऊंचा हात उठायच्या आतच सगळी गल्ली बंद पडली. सरकारी लोडशेडिंग.

"हे फुकटात!" वच्छला टाळी देऊन म्हणाली.

दोन तासांनी लाईन आली. कम्प्युटर उठला आणि पडद्यावर विचारलं, मघाचं काम अर्धवट राहिलं, पुन्हा करू का? नईमा चटणीचा हात घेऊन बाहेर आली होती. "कर बाबा," ती पडद्याला म्हणाली, "तू तरी पूर्ण कर."

शनिवारी इमराननं धारणीत आपल्या हातानं तीनदा वायर उपसून पाहिली आणि 'ज्ञ'पर्यंत सगळे शब्द नवे असल्याचं कळवलं. रागिणी मॅडम कोड उभ्यानं वाचायला लागल्या आणि अर्ध्यात खुर्ची ओढून बसल्या. अकराशेच्या चारशे ओळी झाल्या होत्या. त्या चार ओळींच्या डोक्यावर जेबानं सहा ओळींची टीप लिहिली होती: लाईन कुठं जाते, गेली की काय बिघडतं, आणि हे काढायचं असेल तर आधी कोणाला विचारायचं.

आता एकच राहिलं. जेबाचं काम त्याच प्रोग्राममधल्या गोपालच्या कामाशी जोडायचं होतं, म्हणजे मर्जचाच मर्ज.

"जुन्यानं जोडू," गोपाल म्हणाला. "तो अनुभवी आहे."

"नव्यानं," मॅडम म्हणाल्या.

नव्यानं जोडलं. एका ठिकाणी दोघांचं भांडण निघालं, तिथं तो अदबीनं थांबला आणि कोणाचं ठेवू म्हणून विचारू लागला. गोपालनं आपली ओळ सोडली. "पोरीचं ठेव. इतकं गोड कोणी विचारलं नव्हतं मला."

"जेबा, सोमवारी वेळेवर ये," मॅडम पर्स उचलत म्हणाल्या. "कायमचं पत्र टेबलावर असेल."

जेबानं जिन्यातच अकोल्याला फोन लावला. शाहीन खाला आधी रुसली, मग रडली, मग म्हणाली की ती जागा तशीही थंडच होती.

घरी सगळं ऐकून नईमानं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, कानशिलांवर बोटं मोडली आणि विचारलं, "सांभार आणला?"

"आणला." जेबानं कोथिंबिरीची जुडी पुढं केली.

"अन् मिरच्या?"

जेबानं ओढणी पुन्हा डोक्यावर घेतली, स्कूटीची किल्ली उचलली आणि इतवाऱ्याच्या वाटेला लागली. बाजार उठायच्या बेतात होता. तिनं रोजच्यासारख्या एकेक करून मिरच्या निवडल्या, म्हातारा भाजीवाला रोजच्यासारखा कुरकुरला, आणि तिनं वर दोन जास्तीच्या टाकून घेतल्या.